ऑफिसचा प्रिंटर नेटवर्कवर बसवताना: कुठले प्रोटोकॉल चालू, कुठले बंद, आणि कुठल्या क्रमाने

काल व्यवस्थित चालणारा प्रिंटर आज सगळ्या पीसीवर ऑफलाइन दिसतो, मग कोणीतरी ड्रायव्हर उडवून परत टाकतं, एकाच मशीनचे तीन-तीन आयकॉन तयार होतात, कॉपी १, कॉपी २, आणि त्यातल्या एकावरूनच प्रिंट निघते, तो कुठला ते फक्त अकाउंटवाल्या मॅडमना माहीत. बहुतेक वेळा ड्रायव्हर बिचारा निर्दोष असतो. प्रिंटरला पक्का आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिलेला नसतो, आणि त्याच्यापर्यंत कुठल्या प्रोटोकॉलने (यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीने) जायचं हे आपण न ठरवता विंडोजवर सोडलेलं असतं. दुसऱ्या टोकाचे लोक म्हणजे सिक्युरिटीचा व्हिडिओ बघून एका बैठकीत दहा टिक काढणारे, त्यांचं स्कॅनिंग दुसऱ्या दिवशी बंद पडतं आणि कशामुळे ते कळत नाही.

खालचं सगळं दहा-पंधरा पीसीच्या ऑफिससाठी आहे, म्हणजे सीए, वकील, पतसंस्था, शाळेचं कार्यालय, जिथे एक लेझर मल्टिफंक्शन मशीन आणि फायबरवाल्याने बसवलेला राउटर असतो. मेनूतली नावं कंपनीप्रमाणे थोडी वेगळी दिसतील पण गोष्टी त्याच. क्रम मात्र बदलू नका: आधी आयपी, मग पासवर्ड, मग छपाईचा एकच मार्ग पक्का, मग स्कॅनिंग, आणि नको ते बंद करणं सगळ्यात शेवटी.

## १. हात लावण्याआधीची तयारी

प्रिंटरच्या पॅनेलवरून नेटवर्क कॉन्फिगरेशन पेज छापून घ्या. सेटअप, रिपोर्ट्स किंवा नेटवर्क या मेनूत कुठेतरी असतं. त्यावर आयपी, सबनेट मास्क, गेटवे, मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डचा स्वतःचा क्रमांक) आणि कुठले प्रोटोकॉल चालू आहेत ते सगळं येतं. त्या कागदावर आजची तारीख टाका आणि जपून ठेवा, काही बिघडलं तर परत फिरायला तोच कामाला येतो. मशीनमध्ये सेटिंग एक्स्पोर्ट करायची सोय असेल तर तेही करून घ्या.

मग एक साधी यादी करा की या मशीनकडून कोण काय काय करून घेतं. विंडोज पीसी किती, मॅक आहे का, साहेब मोबाईलवरून प्रिंट देतात का, स्कॅन फोल्डरमध्ये जातं की ईमेलवर, एखादं जुनं सॉफ्टवेअर थेट प्रिंटरला पाठवतं का. आणि मशीन भाड्याचं असेल, म्हणजे कॉपीमागे पैसे द्यायचे असतील, तर व्हेंडर मीटर रीडिंग नेटवर्कवरून घेतो का हे त्याला फोन करून विचारा. ही यादी नसेल तर शेवटच्या टप्प्यात काय बंद करायचं ते कळणारच नाही.

हे काम जुलै एंडला किंवा महिनाअखेरीला काढू नका. शनिवारी दुपारी, लोक कमी असताना.

इशारा: फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायचं असेल तर ते आत्ताच, बाकी सेटिंग करण्याआधी करा, पण तुमच्याकडे लाइट जायचा जो वार असेल तो टाळून. अपडेट चालू असताना वीज गेली तर मशीनचा बोर्ड बसू शकतो, आणि लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावणं हा त्यावर उपाय नाही, फ्यूझर (टोनर कागदावर पक्का करणारा भाग) गरम होताना तो एवढा करंट ओढतो की यूपीएसच ट्रिप होतो. रिफिल केलेलं कार्ट्रिज वापरत असाल तर अजून एक, काही मॉडेलमध्ये नवं फर्मवेअर आल्यावर तसं कार्ट्रिज चालेनासं होतं. आधी चौकशी करा.

## २. पक्का आयपी

कॉन्फिगरेशन पेजवर आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून आयपी मिळालेलाच नाही, त्याने स्वतःचा स्वतः घेतलाय. केबल, स्विचचा पोर्ट आणि राउटर बघा, पुढे जाऊ नका.

आता कुठल्याही पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) द्या आणि डिफॉल्ट गेटवे बघा, तोच तुमचा राउटर. समजा तो १९२.१६८.१.१ आहे. राउटरमध्ये लॉगिन करून डीएचसीपीची (आपोआप आयपी वाटायच्या सोयीची) रेंज बघा. फायबरवाल्यांच्या राउटरमध्ये बऱ्याचदा शेवटचा आकडा २ ते २५४ अशी सगळीच्या सगळी रेंज वाटपाला मोकळी असते, आणि इथेच घोळ होतो: आपण प्रिंटरला हाताने ५० दिला, तो महिनाभर छान चालला, आणि एक दिवस प्रिंटर बंद असताना राउटरने तोच ५० कुणाच्या तरी मोबाईलला देऊन टाकला. मग प्रिंटर कधी सापडतो कधी नाही. म्हणून आधी रेंज छोटी करा, १०० ते २०० पुरे, आणि प्रिंटरला त्या बाहेरचा १९२.१६८.१.५० द्या. देण्याआधी त्या आयपीला पिंग करा (कमांड प्रॉम्प्टवरून तो उत्तर देतो का बघा), पण उत्तर आलं नाही म्हणजे तो मोकळाच आहे असं धरू नका, तो पीसी बंद असेल. राउटरची जोडलेल्या उपकरणांची यादीही बघा.

प्रिंटरमध्ये भरायचं ते असं: आयपी १९२.१६८.१.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१, आणि डीएनएसमध्ये (सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी शोधून देणारी सेवा) राउटरचाच आयपी. डीएनएस लोक हमखास रिकामं ठेवतात. छपाईला त्याची गरज नसते त्यामुळे कळतही नाही, आणि मग स्कॅन टू ईमेल करताना सर्व्हर सापडत नाही असा एरर येतो तेव्हा पासवर्डशी झटापट सुरू होते. उलट, प्रिंटरला इंटरनेटची अजिबात गरज नसेल तर गेटवे मुद्दाम रिकामा सोडता येतो, त्याच नेटवर्कवरच्या पीसींना प्रिंट मिळत राहते आणि मशीन स्वतःहून बाहेर कुठे जाऊ शकत नाही. मला हा उपाय आवडतो, फुकटचा आहे.

राउटरमध्ये मॅक अ‍ॅड्रेसवरून आयपी राखून ठेवायची सोय असते, तीही चालते, फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. लॅनचा (केबलचा) आणि वायफायचा मॅक अ‍ॅड्रेस वेगळा असतो, एकाचा राखून दुसऱ्यावर मशीन जोडलं तर उपयोग शून्य. आणि फायबरवाल्याने राउटर बदलला की ते राखीव आयपी त्याच्याबरोबर गेले.

कंपनी बदलताना तर हाताने दिलेला आयपीसुद्धा वाचवत नाही. जिओ फायबरचा राउटर साधारणपणे १९२.१६८.२९.१ वर असतो, आधीचं नेटवर्क १९२.१६८.१ वालं असेल तर नव्या राउटरखाली प्रिंटर एकदम गायब. अशा वेळी दहा पीसी बदलत बसण्यापेक्षा नव्या राउटरचा लॅन आयपी बदलून जुन्यासारखा करणं कितीतरी सोपं.

दोन राउटर असतील तर इथेच थांबून एक तपासा. आतल्या केबिनमध्ये रेंज येत नाही म्हणून कोणीतरी दुसरा राउटर आणून त्याच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेट आत घ्यायच्या पोर्टमध्ये) केबल खुपसलेली असते. त्याने ऑफिसची दोन नेटवर्क होतात, बाहेर १९२.१६८.१ आणि आत १९२.१६८.०. प्रिंटर बाहेरच्यावर असेल तर आतल्या पीसीवरून आयपी टाकून प्रिंट जाते पण आपोआप शोधताना तो दिसत नाही, आणि प्रिंटर आतल्यावर असेल तर बाहेरच्यांना तो मिळतच नाही. दुसऱ्या राउटरचं डीएचसीपी बंद करा, त्याला पहिल्याच्या नेटवर्कमधला मोकळा आयपी द्या आणि केबल लॅन पोर्टमध्ये लावा, किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा. गेस्ट वायफायवरून प्रिंटर दिसत नाही हा मात्र दोष नाही, तो तसाच हवा.

तपासणी: प्रिंटर बंद करून चालू करा, पॅनेलवर तोच आयपी आहे ना बघा, आणि किमान दोन पीसीवरून पिंग करा.

## ३. वेब पेज आणि अ‍ॅडमिन पासवर्ड

ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी टाकला की त्याचं सेटिंगचं पेज उघडतं. कॅननवाले त्याला रिमोट यूआय म्हणतात, रिकोचं वेब इमेज मॉनिटर, क्योसेराचं कमांड सेंटर. पुढची सगळी कामं इथूनच करा, पॅनेलच्या चार बटणांवर आयपी टाइप करणं ही शिक्षा आहे.

डिफॉल्ट अ‍ॅडमिन पासवर्ड लगेच बदला. काही मशीनवर तो मागच्या स्टिकरवर छापलेला असतो, काहींमध्ये रिकामाच असतो, आणि बऱ्याच मॉडेलचा मॅन्युअलमध्ये दिलेला असल्यामुळे शोधला की कोणालाही सापडतो. नवा पासवर्ड ऑफिसच्या नोंदवहीत लिहा, इंजिनिअरच्या डोक्यात नको. तो विसरला तर बऱ्याच मशीनला फॅक्टरी रीसेटशिवाय इलाज नसतो, आणि त्यात सगळी अ‍ॅड्रेस बुक जाते.

याच पेजवर तारीख, वेळ आणि टाइमझोन बरोबर करून ठेवा, +५:३०. पुढे ईमेलच्या सर्टिफिकेटसाठी लागतं.

## ४. छपाईचा एकच मार्ग ठरवा

प्रोटोकॉलच्या पेजवर लांबलचक यादी दिसेल, पण छपाईसाठी खरे चारच विचारात घ्यायचे.

रॉ, म्हणजे पोर्ट ९१०० (इथे पोर्ट म्हणजे केबलचं भोक नाही, सॉफ्टवेअरमधल्या दाराचा नंबर). सगळ्यात साधा आणि वेगवान, पीसी जे पाठवेल ते प्रिंटर छापतो. एन्क्रिप्शन नाही, ओळख विचारणं नाही. आतल्या छोट्या नेटवर्कवरच्या विंडोज पीसींसाठी मी हाच घेतो.

आयपीपी, पोर्ट ६३१. मोबाईल आणि मॅकसाठी. एअरप्रिंट (अ‍ॅपलची ड्रायव्हरशिवाय छापायची सोय) याच्यावरच चालतं आणि प्रिंटर शोधायला त्याला बॉनजूर लागतं. एन्क्रिप्शनवाली आवृत्तीही मिळते, गोपनीय कागद छापणाऱ्यांनी ती वापरून बघावी.

एलपीडी, पोर्ट ५१५. जुना. एखादं जुनं युनिक्स सॉफ्टवेअर मागत असेल तरच, आणि मग क्यूचं नाव अचूक द्यावं लागतं, मॅन्युअलमध्ये असेल तेच, आपल्या मनाचं नाही.

डब्ल्यूएसडी. विंडोज प्रिंटर आपोआप शोधतं ते बहुधा याच्याने. घरी ठीक आहे. ऑफिसात, झोपेतून उठलेला लॅपटॉप, रीस्टार्ट झालेला राउटर, काहीही निमित्त होतं आणि प्रिंटर ऑफलाइन. निम्म्या डोकेदुखीचं मूळ हेच.

तर ठरलं: विंडोजसाठी रॉ, मोबाईल आणि मॅक असतील तर आयपीपी, बॉनजूरसकट. बाकीचं आत्ता आहे तसं चालू राहू द्या, बंद करायची घाई नको.

## ५. प्रत्येक पीसी त्या मार्गावर आणा

आधी त्या पीसीवर सध्या काय आहे ते बघा. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीज उघडा (प्रिंटिंग प्रेफरन्सेस वेगळं, तिथे कागदाचा साइज वगैरे असतो), पोर्ट्स टॅबवर जा. टिक लावलेल्या ओळीत डब्ल्यूएसडी आणि पुढे अक्षरांची लांब शेपटी दिसली की समजा रोगी सापडला.

तिथूनच अ‍ॅड पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट, न्यू पोर्ट, आणि प्रिंटरचा आयपी. विंडोजला मशीन ओळखता आलं नाही तर ते जास्तीची माहिती मागतं, तेव्हा जेनेरिक नेटवर्क कार्ड ठेवून पुढे जा. मग कॉन्फिगर पोर्टमध्ये प्रोटोकॉल रॉ आणि पोर्ट ९१०० आहे ना बघा.

आयकॉनचा गोंधळ फार झाला असेल तर मी सरळ सगळे काढून नव्याने टाकायला सांगेन. रांगेत अडकलेले जॉब आधी रद्द करा, नाहीतर आयकॉन निघत नाही. नवीन टाकताना मॅन्युअली अ‍ॅड निवडा, आयपी अ‍ॅड्रेसने, आणि डिव्हाइस टाइपमध्ये टीसीपी/आयपी डिव्हाइस घ्या, ऑटोडिटेक्ट ठेवलंत तर विंडोज परत डब्ल्यूएसडीकडे जाऊ शकतं. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवलेला द्या. सगळ्या पीसीवर प्रिंटरचं नाव एकच ठेवा, आणि डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्यायची टिक काढा, नाहीतर टॅलीचं बिल एक दिवस पीडीएफमध्ये जाऊन बसतं.

आता ती बदनाम टिक. त्याच कॉन्फिगर पोर्टच्या खिडकीत खाली एसएनएमपी स्टेटस असतं. विंडोज याच्यातून प्रिंटरला विचारतं, तू आहेस का, कागद आहे का. उत्तर नाही मिळालं की प्रिंटर धडधाकट असूनही ऑफलाइन दाखवतं आणि जॉब अडवून धरतं. प्रिंटरवर एसएनएमपी बंद करायचं किंवा त्याचं कम्युनिटी नाव (एसएनएमपीसाठी पासवर्डसारखा वापरला जाणारा शब्द) बदलायचं असेल तर आधी सगळ्या पीसीवरची ही टिक काढा, मगच प्रिंटरवर जा. उलट केलंत तर एकाच मिनिटात सगळं ऑफिस ऑफलाइन.

तपासणी: पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन, आयपी आणि पोर्ट ९१०० अशी कमांड (Test-NetConnection 192.168.1.50 -Port 9100) द्या, शेवटच्या ओळीत ट्रू आलं पाहिजे. मग खरी प्रिंट, टेस्ट पेज नाही, रोजची पीडीएफ किंवा टॅलीचं व्हाउचर. पिंग जातंय पण पोर्टला फॉल्स येतंय, तर प्रिंटरवर रॉ बंद आहे किंवा आयपी फिल्टर (ठरावीक आयपींनाच आत घेणारी यादी) लागलेला आहे.

## ६. स्कॅनिंग

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि छपाईशी याचा काही संबंध नाही. स्कॅन टू फोल्डरमध्ये प्रिंटर पाहुणा असतो आणि तुमचा पीसी यजमान, त्यामुळे चुकतं ते बहुधा पीसीवर.

ज्या पीसीवर स्कॅन यायचे त्यालाही पक्का आयपी द्या. त्यावर स्कॅन नावाचा वेगळा लोकल युजर बनवा, पासवर्डसकट, फोल्डर शेअर करा आणि त्या युजरला लिहायची परवानगी शेअरिंग आणि सिक्युरिटी या दोन्ही टॅबमध्ये द्या, एकीकडे देऊन भागत नाही. नेटवर्क प्रोफाइल प्रायव्हेट हवं. प्रिंटरमध्ये हाच युजर भरा. लोक स्वतःचा लॉगिन टाकतात आणि पासवर्डच्या जागी विंडोजचा पिन, तो पिन त्या पीसीपुरताच असतो, नेटवर्कवर चालत नाही. आणि साहेबांचा लॉगिन वापरला तर साहेबांनी पासवर्ड बदलला त्या दिवशी स्कॅनिंग बंद.

सगळं बरोबर असूनही कनेक्शन एरर येतो आणि मशीन जुनं आहे? बहुधा त्याला फक्त एसएमबी १ (विंडोजच्या फोल्डर शेअरिंगच्या प्रोटोकॉलची जुनी आवृत्ती) येतं. विंडोज १० च्या २०१७ च्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ते नसतं. शोधलंत तर ते परत चालू करायचा सल्ला लगेच मिळेल. करू नका. २०१७ च्या मे महिन्यातला वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) याच एसएमबी १ च्या भोकातून पसरला होता, आणि पतसंस्थेच्या पीसीवर तो धोका चार स्कॅनसाठी कोणी घ्यावा? प्रिंटरच्या फर्मवेअरमध्ये एसएमबी २ किंवा ३ मिळतं का बघा, नसेल तर ईमेल, पेन ड्राइव्ह किंवा पीसीवरून स्कॅन घ्या. विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आल्यावर स्कॅन थांबलं असेल तर कारण वेगळं, त्यात एसएमबी साइनिंग (प्रत्येक संदेशावर खात्रीची डिजिटल सही) सक्तीचं झालंय, प्रिंटरवर ते चालू करायची सोय असेल तर करा.

स्कॅन टू ईमेलसाठी जीमेल वापरत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही, गूगलने साध्या खात्यांसाठी तो मार्ग ३० मे २०२२ पासून बंद केलाय. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढा आणि तो प्रिंटरमध्ये टाका, मधल्या मोकळ्या जागा न टाकता. पोर्ट ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस, ४६५ असेल तर एसएसएल, जोडी चुकवू नका. मालकाच्या वैयक्तिक मेलऐवजी स्कॅनसाठी वेगळं खातं असलेलं बरं. आणि दुसऱ्या टप्प्यात गेटवे मोकळा सोडला असेल तर हे चालणार नाही, भरून या.

## ७. आता बंद करा, एकेक करून

एक बंद करा, सेव्ह करा, पहिल्या टप्प्यातल्या यादीतलं प्रत्येक काम एकदा करून बघा, मग पुढचं.

टेलनेट, एफटीपी, टीएफटीपी, आणि जुन्या मशीनवर दिसणारे अ‍ॅपलटॉक आणि आयपीएक्स हे बिनधास्त घालवा, अ‍ॅपलटॉक तर खुद्द अ‍ॅपलने २००९ मध्ये मॅकमधून काढलं. वायफाय डायरेक्टही बंद, नाहीतर प्रिंटर स्वतःचं एक वेगळं वायफाय खालच्या दुकानापर्यंत दाखवत बसतो. मग एलपीडी, कोणी मागत नसेल तर. मग डब्ल्यूएसडी, पण कोणी विंडोजच्या स्कॅन अ‍ॅपमधून स्कॅन करत असेल तर ते याच्यावर अवलंबून असू शकतं, विचारून घ्या. बॉनजूर फक्त मोबाईल-मॅक नसतील तरच. आयपीव्ही ६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) ऑफिसात मुद्दाम कोणी वापरत नसेल तर काढा.

एसएनएमपी बंदच केलं पाहिजे असं नाही. व्हेंडर मीटर रीडिंग घेत असेल तर ते ठेवा, पण पब्लिक आणि प्रायव्हेट ही ठरलेली कम्युनिटी नावं बदला, लिहायची परवानगी काढा आणि नवं नाव व्हेंडरला कळवा.

इशारा: एचटीटीपी बंद करण्याआधी एचटीटीपीएसने पेज उघडतंय याची खात्री करा. सर्टिफिकेटची वॉर्निंग येईल, ती चालते. पण जुन्या प्रिंटरला जुनंच टीएलएस (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) येतं आणि आजचे ब्राउझर ते घेतच नाहीत, म्हणजे तुम्ही स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलंत, आता पॅनेलवरून काय होईल ते. आयपी फिल्टरचंही तसंच, परवानगीच्या यादीत पहिला आयपी स्वतःच्या पीसीचा टाका, मग फिल्टर चालू करा.

राउटरमध्ये जाऊन प्रिंटरच्या नावाने पोर्ट फॉरवर्डिंग केलेलं नाही हे एकदा बघून या. घरून प्रिंट देता यावी म्हणून कोणीतरी ९१०० बाहेर उघडून ठेवतं, आणि तो इंटरनेटवरून कोणालाही सापडतो. २०१८ च्या शेवटी असेच उघडे प्रिंटर शोधून एका यूट्यूबरचा प्रचार करणारी पानं जगभर छापली गेली होती. प्रिंटर आपोआप विचित्र अक्षरांची पानं काढत असेल तर हीच शंका आधी घ्या, मग आतल्या एखाद्या पीसीवरून पोर्ट स्कॅन होतोय का ते बघा.

## ८. लाइट गेल्यासारखं करून बघा

राउटर, स्विच आणि प्रिंटर तिन्ही बंद करा. आधी प्रिंटर चालू करा, दोन-तीन मिनिटांनी राउटर, कारण लाइट परत आल्यावर बहुधा याच क्रमाने ते उठतात. मग प्रत्येक पीसीवरून एक पान, एक स्कॅन फोल्डरला, एक ईमेलला, मोबाईलवरून एक प्रिंट. कुठे अडलं तर त्या कामाचा टप्पा वर शोधा.

शेवटी नवं कॉन्फिगरेशन पेज छापून फाइलला लावा, आणि प्रिंटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवा: आयपी, पोर्ट ९१००, ड्रायव्हरचं नाव. पासवर्ड त्यावर लिहायचा नाही.